नळा बदलला, चाडं तसंच: प्लास्टिक दाण्याच्या गुरुत्व-पाइपाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव परिसरातला हा कारखाना जुन्या प्लास्टिकपासून पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) रिप्रोसेस दाणा बनवतो. त्याचं गिऱ्हाईक मुख्यतः चटईवाले. नाव-गाव सांगत नाही, पण आकडे खरे ठेवले आहेत. मी या कामात बाहेरून बोलावलेला माणूस होतो आणि यातल्या पहिल्या चुकीवर माझीही सही आहे.

रचना साधी होती. प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडरमधून कापून आलेला दाणा ब्लोअरने वरच्या माळ्यावरच्या मोठ्या सायलोत, म्हणजे उभ्या कोठीत, जायचा. तिथे एका लॉटचा माल एकजीव केला जाई. सायलोच्या शंकूला खाली 150 मिलिमीटरचं तोंड, त्याखाली स्लाइड गेट (सरकती झडप) आणि तिथून 4 इंची पाइप खालच्या मजल्यावरच्या वजनयंत्रापर्यंत. मध्ये इमारतीचा एक बीम येत असल्याने पाइप सरळ खाली येत नव्हता. सुमारे अडीच मीटर तिरका जाऊन मग पुन्हा उभा होत होता. वजनयंत्र 25 किलो तोलून गोणीत सोडायचं आणि पुढे शिलाई.

दाणा असा वरून खाली स्वतःच्या वजनाने वाहतो तेव्हा पंप नाही, मोटर नाही, म्हणून सगळ्यांना तो सोपा वाटतो. फॅब्रिकेटर 4 इंची पाइप लावतो, कारण त्याच्याकडे 4 इंची पाइप पडलेला असतो.

अडचण

पॅकिंग फक्त दिवसाच्या पाळीत चालायचं. रात्रभराचा माल उरकायला तासाला 200 गोण्या, म्हणजे 5 टन, निघायला हव्या होत्या. निघत होत्या 130. संध्याकाळी सायलो रिकामा होत नसे, रात्रीचा लॉट खोळंबे आणि शेवटी एक्स्ट्रूडर बंद ठेवावा लागे. पॅकिंगवरचा माणूस पाइपाला लाकडी हातोडी मारत बसायचा. पाइपाच्या वळणावर त्या हातोडीने पडलेले पोचे स्पष्ट दिसत.

शेठचं म्हणणं ठाम होतं: "पाइप लहान पडतो. 6 इंची करून टाका."

पर्याय

पहिल्या बैठकीत चार गोष्टी पुढे आल्या.

एक, सायलो नेहमी भरलेला ठेवायचा किंवा दोन मीटर वर उचलायचा, म्हणजे दाब वाढेल. ही सूचना शेठच्या भावाची. घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर ठेवली तर ती चूक वाटत नाही. पण दाणा पाणी नाही. दाण्यांचं वजन भिंतींशी होणाऱ्या घर्षणातून भिंतींवरच पेललं जातं आणि काही खोलीनंतर तळावरचा दाब वाढायचा थांबतो. 1895 साली यान्सेन या जर्मन अभियंत्याने धान्याच्या कोठारांसाठी हे मांडून दाखवलं. वाळूच्या घड्याळातही वरची वाळू कमी झाली म्हणून धार मंदावत नाही. वाद घालण्यापेक्षा आम्ही मोजलं. सायलो भरलेला असताना अर्ध्या तासात 65 गोण्या, पाव भरलेला असताना 66. ही सूचना तिथेच संपली.

दोन, पाइपाला व्हायब्रेटर. हा पर्याय मी नाकारला. दाणा चिकट नव्हता, आणि चालत्या वजनयंत्राला जोडलेल्या पाइपावर व्हायब्रेटर लावला तर काटा स्थिर राहणार नाही.

तीन, गुरुत्वाचा नाद सोडून व्हॅक्यूम लोडर बसवायचा. खर्च मोठा, आणि 4 मीटर खाली आणण्यासाठी वीज जाळायची हे कुणालाच पटेना.

चार, पाइप मोठा करायचा.

इथे मी गणित मांडलं. ते गणित बरोबर होतं, म्हणून ते इथे देतो.

तोंडातून दाणा किती वेगाने पडतो याचं एक जुनं समीकरण आहे. 1961 साली बेवरलू आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बियाण्यांवर प्रयोग करून ते बसवलं. शब्दांत सांगायचं तर, तोंडाच्या व्यासातून दाण्याच्या व्यासाची सुमारे 1.4 पट वजा करायची, उरलेल्याचा अडीचवा घात घ्यायचा आणि त्याला बल्क डेन्सिटी (मधल्या हवेसकट एका घनमीटर दाण्याचं वजन), गुरुत्व प्रवेगाचं वर्गमूळ आणि 0.58 यांनी गुणायचं. सगळं मीटर, किलो, सेकंदात. वजाबाकी यासाठी की तोंडाच्या कडेला लागून असलेली एक पट्टी दाण्याच्या उपयोगाची नसते. तिथून दाण्याचा मध्य जाऊच शकत नाही.

आमचा दाणा 3 मिलिमीटरचा. बल्क डेन्सिटी मी 1 लिटरच्या मापात दाणा सपाट भरून तोलली: 560 ग्रॅम. त्यावरून 50 मिलिमीटरच्या तोंडातून सेकंदाला साधारण 0.46 किलो, 75 मधून 1.36, 100 मधून 2.9, 125 मधून 5.2 आणि 150 मधून 8.3 किलो येतात. तोंडाच्या वर चांगला उतरता शंकू असेल तर याहून थोडं जास्तच. व्यास दुप्पट केला की पाण्याच्या सवयीने माणूस चौपट म्हणतो. दाणा सहापटीहून जास्त देतो. लहान तोंडाला वजाबाकी जास्त बोचते.

आता गरज. तासाला 5 टन म्हणजे सेकंदाला 1.4 किलो, मग 75 चा पाइपही जवळपास पुरावा. बहुतेक लोक इथेच फसतात, कारण हा सरासरीचा आकडा आहे. वजनयंत्र सतत दाणा घेत नाही. 200 गोण्यांसाठी एका गोणीला 18 सेकंद मिळतात. त्यातले 9 सेकंद काटा स्थिरावण्यात, गोणीत माल सोडण्यात आणि झडप मिटण्यात जात. उरलेल्या 9 पैकी शेवटचे 3 सेकंद बारीक धारेचे, ज्यात 3 किलो पडतात. म्हणजे जाड धारेच्या 6 सेकंदांत 22 किलो उतरले पाहिजेत: सेकंदाला 3.7 किलो. पाइप निवडायचा तो या आकड्यावर.

4 इंची मीडियम पाइपाचा आतला व्यास 105 मिलिमीटरच्या आसपास असतो. समीकरणाने त्यातून 3.3 किलो येतात. 3.7 पेक्षा कमी. "शेठ म्हणतात ते बरोबर आहे," असं मी लिहून दिलं.

पहिला निर्णय

दिवाळीच्या सुट्टीत 6 इंची पाइप बसला. खालच्या यंत्राची झडप 150 ची होतीच. जुने आधार तसेच वापरल्याने तिरक्या भागाचा उतारही तोच राहिला. खर्च एका महिन्याच्या पॅकिंगच्या मजुरीइतका.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मी तिथे उभा होतो. पहिल्या तासात 131 गोण्या. दुसऱ्यात 132.

शेठ काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

पॅकिंगवरचे काका, वय साठीच्या आसपास, हातोडी बाजूला ठेवून म्हणाले, "साहेब, चाडं तुंबलंय नि आपण नळा बदलला." ज्यांनी तिफणीमागे चालून पेरणी केली आहे त्यांना हे समजवावं लागत नाही. वर बी टाकायचं वाटीसारखं चाडं, त्यातून खाली नळे, नळ्यांतून फणाच्या मागे बी. नळ्यात बी पडत नसेल तर शेतकरी आधी चाड्यात बोट घालतो, नळा उपटत नाही.

मोजणी

त्यांनी मला पाइपाजवळ नेलं आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. ठण्ण. वरपासून खालपर्यंत सगळीकडे ठण्ण. दाण्याने भरलेला पाइप असा वाजत नाही. तो मडकं भरल्यावर वाजतं तसा बद्द वाजतो. जाड धार चालू असतानाही पाइप जवळपास पोकळ होता. मग दाणा पाइपात अडकत असणं शक्यच नव्हतं. जुना 4 इंची पाइपही असाच वाजायचा का, हे मी विचारलं. "असाच," काका म्हणाले. ही फुकटची तपासणी सुट्टीच्या आधी करता आली असती.

पाइप पोकळ याचा अर्थ अडथळा त्याच्या वर. आम्ही वजनयंत्राजवळची फ्लँज (पाइपाचा जोड) सोडली, खाली काट्यावर जंबो बॅग ठेवली आणि गेट 10 सेकंद उघडून वजन घेतलं. तीनदा घेतलं: 13.8, 14.1, 14.0 किलो. सेकंदाला 1.4. मग वर चढलो.

गेट आणि पाइपाच्या मध्ये एक चौकोनी डबा होता. मला दिलेल्या ड्रॉइंगवर तो नव्हता. लाइन लागल्यानंतर काही महिन्यांनी एका चटईवाल्याच्या यंत्राच्या स्क्रूमध्ये लोखंडाचा तुकडा गेला, तक्रार आली आणि घाईत मॅग्नेट ग्रिल बसवलं गेलं. 150 बाय 150 चा डबा, त्यात 25 मिलिमीटर जाडीच्या 3 चुंबकी सळ्या. खण बाहेर ओढला. सळ्यांवर लोखंडी कीस होता तो होताच, पण त्याला दाण्यातून आलेले प्लास्टिकचे लांब तंतू, ज्यांना तिथली माणसं "केस" म्हणतात, असे गुंडाळले गेले होते की सळ्या जाड झाल्या होत्या. न्हाव्याच्या दुकानातला केर जणू.

साफ केल्यावर मोजलं: सेकंदाला 1.9 किलो. त्याच दिवशी गोण्या 150 वर गेल्या, एक रुपया न लावता.

पण 1.9 म्हणजे अजून निम्मंच. कारण सळ्या स्वच्छ असल्या तरी 150 पैकी 75 मिलिमीटर त्यांनीच अडवलेले. उरलेल्या 75 च्या चार फटी, प्रत्येकी 19 च्या आत. आणि वजाबाकी प्रत्येक फटीला वेगळी लागते. एक मोठं तोंड एकदाच दंड भरतं, चार फटी चार वेळा भरतात. फटीसाठीचं समीकरण थोडं वेगळं आहे: फटीच्या रुंदीचा दीडवा घात गुणिले लांबी. त्याने चारही फटींचे मिळून 1.85 किलो येतात. काट्यावर आलेल्या 1.9 शी इतकं जुळलेलं पाहून मला आनंद झाला आणि राग आला, दोन्ही एकदम. माझ्या कागदावरचं गणित खरं होतं. मी ते फक्त चुकीच्या जागी लावलं होतं.

मॅग्नेट खण काढून पुन्हा 10 सेकंद सोडलं: सेकंदाला 8 किलोच्या वर. सायलो, शंकू, गेट यांच्यात दोष नव्हता.

दुसरा निर्णय

मॅग्नेट काढून टाकण्याचा मोह शेठना झाला. तक्रार पुन्हा आली असती, म्हणून मी नाही म्हटलं. मॅग्नेट वजनयंत्राच्या खाली, गोणीच्या तोंडाशी न्यायचं का, हाही विचार झाला. पण तिथे तोललेला माल सळ्यांवर अडकून एका गोणीतला दुसरीत जाण्याची भीती. शेवटी ते जागेवरच ठेवायचं, पण डबा 300 बाय 300 चा करायचा ठरलं. वर आणि खाली उतरते जोड देऊन. 25 च्या 6 सळ्या, 7 फटी, प्रत्येक सुमारे 21 मिलिमीटर. हिशेबाने सेकंदाला 8 किलोच्या वर. म्हणजे थोडे केस अडकले तरी 3.7 च्या खाली यायला बराच अवकाश.

डबा बसला. चाचणीच्या तासात 200 गोण्या सहज निघाल्या. आम्ही चहा घेतला आणि मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: 165 गोण्या, आणि वजनं नाचतायत.

हवा

चाचणीच्या वेळी धार नीट दिसावी म्हणून वजनयंत्राच्या हॉपरचं (दाणा झेलणाऱ्या भांड्याचं) झाकण आम्ही उघडं ठेवलं होतं. सकाळच्या पाळीने ते बंद केलं. धूळ उडते म्हणून त्याला नवी रबरी पट्टी आणि चार क्लॅम्प लावले होते. आत 22 किलो दाणा शिरायचा तर सुमारे 40 लिटर हवा बाहेर पडायला हवी. 6 सेकंदांत 40 लिटर. तिला जायला दुसरी वाट नसेल तर ती ज्या वाटेने दाणा येतो त्याच वाटेने वर चढते. अरुंद तोंडाची बाटली एकदम उलटी केली की पाणी गुडगुडत, थांबून थांबून पडतं. पाइपाला कान लावला तर तसाच आवाज येत होता. दर हिसक्याला काट्याला धक्का.

मी क्लॅम्प उघडायला सांगितले, गुडगुड थांबली. क्लॅम्प लावले, सुरू झाली. इतकं स्वच्छ उत्तर प्लँटमध्ये क्वचित मिळतं. हॉपरच्या झाकणावर 2 इंची नळी काढून तिला कापडी पिशवी बांधली. हवा बाहेर, धूळ पिशवीत.

मोठ्या पाइपाचा त्रास

आता दाणा मोकळा वाहू लागला आणि 6 इंची पाइपाचा खरा त्रास समोर आला. जाड धार सेकंदाला 8 किलोची. यंत्र 22 किलोला "बंद" म्हणे, पण झडप मिटायला 0.4 सेकंद लागत, तेवढ्यात आणखी 3 किलो पडून काटा 25 पार करे. बारीक धारेची पाळीच येईना. गोण्या 25.3, 25.4 किलोच्या निघू लागल्या. तक्रार गिऱ्हाईक करत नाही, पण रोज हजारावर गोण्या धरल्या तर फुकट जाणारा माल शेठना लगेच हिशेबात दिसला.

उपाय स्वस्तातला होता. वजनयंत्राच्या तोंडावर मध्ये गोल भोक पाडलेली पोलादी चकती. समीकरणाने 110 मिलिमीटरला 3.7 किलो येतात, 115 ला 4.2. आम्ही दोन्ही चकत्या कापून आणल्या. 110 ला गोण्या 195 वर अडकल्या, 115 ला 200 ओलांडल्या आणि वजन 25 वर 50 ग्रॅमच्या आत बसलं. 115 ची ठेवली. टिचकी मारल्यावर जाड धारेतही पाइप आता बद्द वाजतो: तो भरलेला आहे आणि प्रवाह चकती ठरवते. तोंड कुठे आहे हे आता आम्हाला माहीत आहे, कारण ते आम्हीच तिथे ठेवलं आहे.

निकाल

पॅकिंग तासाला 198 ते 204 गोण्यांवर स्थिरावलं. त्यापुढे शिलाईवाला माणूसच मर्यादा आहे. सायलो संध्याकाळी रिकामा होतो. हातोडी भिंतीवर टांगलेली आहे. मॅग्नेटचा खण प्रत्येक पाळीत एकदा ओढून साफ करायचा आणि वहीत वेळ लिहायची, असं ठरलं.

एक गोष्ट सुटलेली नाही. तिरक्या भागाचा उतार मी नंतर कोनमापकाने मोजला: आडव्यापासून 42 अंश. असा दाणा ढिगात 30 ते 35 अंशांवर थांबतो, म्हणजे 42 वर तो वाहतो, पण काठावरच. शेवटचे दाणे सांध्याच्या वेल्डिंगच्या गाठीमागे बसून राहतात. काळ्या लॉटनंतर पांढरा घेतला की पहिल्या दोन-तीन गोण्यांत काळे ठिपके येतात. त्या गोण्या परत एक्स्ट्रूडरला टाकाव्या लागतात.

पुन्हा करायचं झालं तर

पाइपाला हात लावण्याआधी मी चार गोष्टी करेन: टिचकी, जंबो बॅगवरची 10 सेकंदांची मोजणी, ड्रॉइंग हातात घेऊन सायलोपासून खालपर्यंत प्रत्यक्ष चढून पाहणं, आणि चाचणी झाकण लावूनच घेणं. या सगळ्याला मिळून अर्धा दिवस लागला असता.

पाइप बदलायची गरज होती का? जुन्या 4 इंचीतून 3.3 किलो आले असते. जाड धारेला 6 ऐवजी पावणेसात सेकंद, म्हणजे तासाला 190 च्या आसपास गोण्या. बारीक धारेचा वेळ थोडा आवळला असता तर 200 ही झाल्या असत्या. म्हणजे मोठा मॅग्नेट डबा आणि हवेची नळी एवढ्यावर काम भागत होतं, आणि चकतीचीही गरज नव्हती. 6 इंची पाइपाचे पैसे बीमच्या दुसऱ्या बाजूने वळवून 55 अंशांचा उतार काढण्यात घातले असते, तर काळ्या ठिपक्यांचा त्रासही गेला असता.

शेठ आता धुतलेल्या बाटल्यांच्या पीईटी फ्लेक्सची लाइन टाकतायत आणि तोच सायलो, तोच पाइप वापरायचा म्हणतात. फ्लेक्स 8 ते 10 मिलिमीटरचे, चपटे, एकमेकांत अडकणारे. समीकरण बियाण्यांवर बसवलेलं, अशा मालावर नाही. 115 च्या चकतीवर आणि 21 च्या फटींवर ते कमान धरून बसतील अशी माझी खात्री आहे. पुढच्या आठवड्यात त्या मालाचं एक पोतं मागवलं आहे. काकांना सांगून ठेवलंय, आधी चाड्यात बोट घालू.